वुल्फक्वेस्टमध्ये जोडीदार लांडग्याचा स्वभाव कसा ओळखायचा

वुल्फक्वेस्ट अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनमध्ये, म्हणजे लांडगा होऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, जोडीदार निवडायची वेळ आली की जवळजवळ सगळेजण आधी रंग बघतात. काळा दिसला की लगेच पळत त्याच्याकडे, मग आवडल्याची खूण असलेले हार्ट भरले की हो म्हणून मोकळे, आणि चार शिकारी झाल्या की तक्रारी सुरू होतात, माझा मेट म्हणजे जोडीदार एल्क या मोठ्या हरणाला दातच लावत नाही, माझी मेट डोंगरापलीकडे एकटीच जाऊन बसते, डेनवर, म्हणजे पिल्लांच्या बिळावर, कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी आला तेव्हा ही ढिम्म झोपलेली. मला वाटतं यातल्या बऱ्याच तक्रारी लांडग्याच्या नाहीतच, त्याला नीट बघितलंच गेलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. एक, स्वभाव ओळख करताना कळत नाही, काम पडल्यावर कळतो. आणि दुसरी, भूक, जखम, थकवा, वाईट रस्ता यांच्यामुळे लांडगा जे करतो तो त्याचा स्वभाव नाही, ते आधी बाजूला काढायचं आणि मग जे उरतं ते बघायचं.

ज्यांनी नवीनच गेम घेतलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ गेम २००७ साली आला, मिनेसोटा झू हे अमेरिकेतलं प्राणिसंग्रहालय आणि एज्युवेब ही कंपनी यांनी मिळून केलेला, आणि आता जो सगळे खेळतात ती अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन २०१९ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आली. अ‍ॅमेथिस्ट माउंटन, स्लू क्रीक ही गेममधली नावं काल्पनिक नाहीत, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या खऱ्या जागा आहेत. तिथे लांडगे पूर्ण संपले होते आणि १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून एकूण ३१ लांडगे आणून सोडले, आणि तेव्हापासून संशोधक त्यांच्यातल्या एकेकावर कॉलर लावून लक्ष ठेवून आहेत. गेम त्या अभ्यासाच्या जोरावर बनलाय, त्यामुळे खऱ्या लांडग्यांना बघणारे लोक जे बघतात तेच आपण गेममध्ये बघायचं, हा सरळ उपाय आहे.

गेममधल्या लांडग्याचा स्वभाव तीन जोड्यांत मांडलेला असतो. बोल्ड की कॉशस, म्हणजे धीट की बिचकणारा. सोशल की लोनर, म्हणजे सोबत राहणारा की एकलकोंडा. आणि एनर्जेटिक की लेझी, म्हणजे चळवळ्या की आळशी. प्रत्येक लांडगा या तिन्हींत कुठेतरी बसतो, एखादा एका बाजूला पार टोकाला, एखादा मधल्यामध्ये. पडद्यावर शब्द वाचायला मिळाले तरी त्यावर थांबू नका, कारण शब्द फक्त दिशा सांगतो, तो लांडगा तुमच्याबरोबर, तुमच्या जागेत, तुमच्या खेळायच्या पद्धतीत काय करणार हे शब्दात नसतं. दोन धीट लांडगे एकसारखे वागत नाहीत, कारण एक धीट आणि आळशी असतो आणि दुसरा धीट आणि चळवळ्या, आणि हे दोन पूर्ण वेगळे प्राणी आहेत. स्वभाव नेहमी तिन्ही मिळून वाचायचा.

आता डिस्पर्सल भेटतो तिथपासून सुरू करू. डिस्पर्सल म्हणजे आपला कळप सोडून निघालेला एकटा लांडगा. ही भेट म्हणजे आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम समजा, दोन्ही बाजू आपापल्या चांगल्या वागण्यात असतात. हार्ट भरतायत म्हणजे त्याला तुम्ही आवडताय, एवढंच, तो कसा आहे हे हार्ट सांगत नाहीत. आणि भेटलेल्या पहिल्याच लांडग्याला हो म्हणायची सक्ती नाही हेही लक्षात ठेवा, दोघातिघांना भेटा, तुलना करायला काहीतरी हवं ना.

तरी या भेटीतही थोडं हाताला लागतं. सतत इंटरॅक्शनची बटणं दाबत बसू नका. एकदोन केलं की थांबा, वळा आणि हळू चालत लांब जा, आणि कॅमेरा मागे फिरवून बघा तो काय करतो. मागे येतो का, किती अंतर ठेवून येतो, की जागीच बसतो, की तिसरीकडेच निघतो. मग लांबून एक हाऊल, म्हणजे लांडग्याची आरोळी, द्या आणि पुन्हा बघा. यातून सोशल की लोनर याचा अंदाज बांधता येतो, बाकी दोन गोष्टींचा मात्र जवळजवळ काहीच नाही, म्हणून धीटपणाचा निर्णय इथे करूच नका. गुरगुरला म्हणजे धीट आणि शेपटी खाली घेतली म्हणजे भित्रा असं खूप लोक लावतात, पण नव्या लांडग्यासमोर शेपटी खाली घेणं ही लांडग्यांची रीत आहे, तो तुम्हाला भांडण नको म्हणून सांगतोय. हाच लांडगा उद्या बैलाएवढ्या एल्कच्या मानेला लटकलेला दिसू शकतो.

जोडी जमली की लगेच डेन आणि पिल्लांच्या मागे लागायची घाई सगळ्यांना असते. मी म्हणेन थोडे दिवस थांबा, गेममधले दिवस म्हणतोय मी. पिल्लं आली की तुमचं सगळं लक्ष त्यांच्या भुकेवर जातं आणि जोडीदाराकडे बघायला वेळ उरत नाही, आणि तेव्हा त्याचा स्वभाव कळून उपयोग फारसा नाही कारण डेनची जागा तोवर ठरलेली असते. पिल्लांच्या आधीचा काळ हा खरा बघायचा काळ.

धीट की बिचकणारा हे शिकारीत बघायचं, पण कुठल्याही शिकारीत नाही. म्यूल डीअर या एल्कपेक्षा लहान हरणाच्या मागे कोणीही धावतं, त्यावरून काही ठरत नाही. मोठी एल्क मादी घ्या, आणि नंतर शिंगवाला नर घ्या. सुरुवात तुम्ही करून द्या आणि मग मुद्दाम थोडं मागे रहा, कारण तुम्ही स्वतःच चावे घेत राहिलात तर जोडीदार काय करतो हे दिसतच नाही. आता तीन गोष्टींवर डोळा ठेवा. पहिला चावा घ्यायला तो किती वेळ लावतो. लाथ बसल्यावर किंवा झटकला गेल्यावर परत किती पटकन येतो. आणि तुम्ही मागे हटलात तर तो एकटा टिकतो की तुमच्याबरोबर हटतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं मत, कारण पहिल्या दोनात नशिबाचा आणि जागेचा भाग असतो, पण तुमच्या आधाराशिवाय टिकणं हे खरं धीटपणाचं लक्षण.

दुसरी परीक्षा कार्कसवर, म्हणजे मारलेल्या जनावरापाशी. शिकार झाली की वास लागून ग्रिझली अस्वल येतं, कधी परका कळप येतो. धीट जोडीदार अस्वलाच्या मागच्या बाजूला जाऊन त्याला हैराण करतो, बिचकणारा लांब गोल गोल फिरत राहतो. इथे एक सावधगिरी घ्या, त्याची तब्येत आधी बघून घ्या. आत्ताच एल्कच्या लाथा खाल्लेला लांडगा लांब राहिला तर त्याला कॉशस म्हणू नका, जखमी लांडग्याने लांब राहणं यात शहाणपण आहे. हीच परीक्षा तब्येत भरलेली असताना पुन्हा बघा आणि मगच ठरवा.

धीटपणाबद्दल यलोस्टोनमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या लांडग्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण झालेले लांडगे कळप सोडून निघण्याची आणि कळपाचे म्होरके होण्याची शक्यता लागण न झालेल्यांपेक्षा बरीच जास्त होती. हा परजीवी तिथे कूगर या मोठ्या रानमांजराच्या वावराशी जोडलेला आहे, ज्या भागात कूगर जास्त तिथल्या लांडग्यांत लागण जास्त. म्हणजे खऱ्या लांडग्यातही धीटपणा जन्मजात एकच ठोकळा नसतो, त्यामागे कारणं असतात. आणि धीट असणं म्हणजे फायदाच असंही नाही, यलोस्टोनच्या आत लांडगे मरण्याचं सगळ्यात मोठं कारण दुसरे लांडगे हेच आहे, आणि भांडणात पुढे कोण असतं ते तुम्हीच बघा.

याच्या उलट यलोस्टोनमधला ३०२ एम हा नर (तिथे लांडग्यांना आकडे देतात, एम म्हणजे नर आणि एफ म्हणजे मादी). काळा, देखणा, दुसऱ्या कळपातल्या माद्यांच्या मागे फिरणारा, लोकांनी त्याला कॅसानोव्हा नाव दिलेलं. भांडण आलं की पळून जायचं यासाठी तो प्रसिद्ध होता. गेममध्ये असा मेट मिळाला असता तर किती जणांनी त्याला सोडून दिलं असतं! पण तो खूप वर्षं जगला, म्हातारपणी स्वतःचा कळप उभा केला, आणि २००९ मध्ये दुसऱ्या लांडग्यांशी झालेल्या झटापटीत गेला. बिचकणारा म्हणजे निकामी नाही, हे मी माझ्या मनाने नाही, त्याच्या आयुष्यावरून म्हणतोय.

आता सोशल की लोनर. हे बघायला शिकारीची गरज नाही, चालणं आणि बसणं पुरे. मोकळ्या सपाट गवताळ भागात जा आणि नुसतं चाला, धावू नका. मग थांबा. सोबत राहणारा लांडगा तुम्ही थांबल्यावर परत वळतो, जवळ येऊन बसतो, नाक लावतो. एकलकोंडा थांबत नाही, किंवा थांबतो पण आपल्या जागी, तुमच्यापासून लांब. झोपायच्या वेळी हे जास्त स्वच्छ दिसतं, कोण कुठे झोपतो ते बघा.

सपाट जागा का म्हणतोय त्याचं कारण आहे. अ‍ॅमेथिस्टच्या बाजूला उतार आणि खडक आहेत, स्लू क्रीकला पाणी आडवं येतं, आणि गेममधले सोबतचे लांडगे अशा ठिकाणी अडकतात किंवा लांबचा वळसा घेतात. खडकामागे अडकलेल्या लांडग्याला लोनर ठरवलेलं मी इतक्या लोकांकडून ऐकलंय. तो दिसत नसेल तर आधी हाऊल द्या, सेंट व्ह्यू, म्हणजे वासाचा माग दाखवणारं दृश्य, लावा, आणि तो येतोय पण वाट सापडत नाहीये की त्याला यायचंच नाहीये हे बघा. येण्याचा प्रयत्न चालू असेल तर स्वभावाचा प्रश्नच नाही.

एनर्जेटिक की लेझी, यात लोक सगळ्यात जास्त फसतात कारण वेळ चुकीची निवडतात. खाल्ल्यावर प्रत्येक लांडगा लोळतो. खरा लांडगा एका बैठकीत ८-९ किलो मांस खाऊ शकतो, त्यानंतर त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणं बरोबर नाही. भर दुपारीही बघू नका. लांडगे पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात, तीच वेळ घ्या, पोट फार भरलेलं नाही आणि फार रिकामंही नाही अशी स्थिती घ्या, आणि तुम्ही झोपेतून उठलात की लगेच हलू नका, जोडीदार काय करतो ते बघा. जो आपणहून उठून फिरायला, वास घ्यायला, खेळायला लागतो तो चळवळ्या. जो तुम्ही निघेपर्यंत पडून राहतो आणि तुम्ही निघाल्यावरही एकदा आळस देऊन मग येतो, तो आळशी.

इथपर्यंत सोपं होतं. खरी गंमत पुढे आहे, कारण हे स्वभाव एकमेकांसारखे दिसतात आणि एकाला दुसऱ्याचं नाव लागतं.

आळशी आणि बिचकणारा यांची गल्लत सर्वात जास्त होते, कारण दोघंही शिकारीत उशिरा चावतात. फरक पायात आहे. बिचकणारा लगेच धावत येतो, एल्कच्या बरोबरीने पळतो, पण अंतर ठेवून, आत शिरतो आणि बाहेर येतो, सतत हालचाल, चावा मात्र नाही. आळशी मुळात पोचतोच उशिरा, पण पोचल्यावर, धीट असेल तर, सरळ जाऊन धरतो. म्हणजे पोचायला उशीर हा आळस, आणि पोचून चावायला उशीर हा बिचकणं. हे एकदा डोळ्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही, आणि त्यावर उपायही वेगळे आहेत. आळशी जोडीदार असेल तर त्याला सोबत घेऊन आधी एल्कच्या कळपाच्या जवळ जा, थांबा, मग हल्ला करा. बिचकणारा असेल तर तुम्ही स्वतः एल्कच्या तोंडाकडच्या बाजूला जाऊन तिचं लक्ष ओढा, म्हणजे मागची बाजू मोकळी होते आणि तिथे बिचकणाराही चावतो. बिचकणारे लांडगे मागून छान काम करतात, त्यांना पुढे ढकलायला जाऊ नका.

एकलकोंडा आणि आळशी हेही सारखे दिसतात, दोघं तुमच्याजवळ नसतात. पण आळशी एका जागी असतो, तुम्ही अर्ध्या तासाने परत आलात तरी त्याच झाडाखाली. एकलकोंडा जागा बदलत असतो. सेंट व्ह्यूमध्ये त्याचा माग बघितलात तर लगेच कळेल.

आणि एकलकोंडा आणि धीट, ही गल्लत कमी लोकांच्या लक्षात येते पण हीच सगळ्यात महागात पडते. दोघं तुम्हाला सोडून लांब जातात. धीट लांडगा कशाच्या तरी दिशेने जातो, समोर कायोटी असतो, एल्क असतं, परक्या कळपाचा वास असतो, काम संपलं की परत येतो. एकलकोंडा कशाच्याही दिशेने जात नाही, नुसता जातो. तो लांब का गेला हे बघायला एकदा त्याच्या मागे जाऊन बघा, तिथे काही आहे का. असेल तर धीट. दोन-तीनदा जाऊनही काहीच नसेल तर एकलकोंडा. महागात पडते म्हणालो ते अशासाठी की धीट जोडीदाराला लोनर समजून लोक परक्या कळपाच्या हद्दीजवळ डेन घेतात, त्यांना वाटतं हा असाही इकडेतिकडे फिरतो, आणि मग तो रोज त्या हद्दीत घुसून भांडणं ओढवतो.

म्हणूनच डेन निवडायच्या आधी हे सगळं कळलेलं हवं. धीट आणि चळवळ्या जोडीदार असेल तर डेन परक्यांच्या हद्दीपासून आत, मधल्या भागात घ्या, भलेही शिकार थोडी लांब पडली तरी चालेल. तो डेनवरून कायोटीला हाकलेल छान, पण हाकलता हाकलता फार लांब जाईल, आणि तेवढ्यात वरून गरुड आला किंवा दुसऱ्या बाजूने दुसरा कायोटी आला तर पिल्लांपाशी कोणी नाही. अशा जोडीदाराबरोबर शिकारीला तोच जास्त जाऊ दे आणि पिल्लांजवळ तुम्ही थांबा, खूप लोकांना हे सुचत नाही कारण गेम म्हणजे आपण शिकार करायची असं डोक्यात बसलेलं असतं.

माझ्या मते डेनसाठी सगळ्यात चांगला जोडीदार म्हणजे सोशल आणि लेझी. वाचायला विचित्र वाटेल. पण तो पिल्लांना सोडून जात नाही, त्याला कुठे जायचंच नसतं, आणि पिल्लांमध्ये राहणं त्याला आवडतं. तुम्ही लांबवर शिकार करून पोट भरून परत येईपर्यंत डेनवर कोणीतरी मोठं आहे ही खात्री असते. त्याला शिकारीत आळशी म्हणून शिव्या घालणारे लोक पिल्लं वाचतात तेव्हा त्याचं श्रेय त्याला देत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

सोशल, चळवळ्या आणि बिचकणारा हा प्रकार नवीन खेळणाऱ्यांना मी सुचवेन. सतत बरोबर असतो, सतत हालतो, आणि तुमच्या आधी संकटात उडी घेत नाही. लोनर आणि एनर्जेटिक मात्र सांभाळायला अवघड, तो हद्दीभर फिरेल, तुम्हाला वाटेल कधीच कामाला येणार नाही, अशा वेळी त्याची सवय ओळखून त्याच्या दिशेने तुम्हीच सरका, तो जिथे जास्त वावरतो त्या भागात शिकार शोधा.

पिल्लांना उन्हाळ्याच्या जागेवर हलवायचं असतं तेव्हा स्वभाव पुन्हा समोर येतो. एकेक पिल्लू तोंडात धरून नेताना काही पिल्लं पुढे असतात, काही मागे, आणि जोडीदार नेमका कुठे थांबतो यावर सगळं अवलंबून. सोशल जोडीदार बहुतेक पिल्लांच्या घोळक्यात असतो. लोनर असेल तर टप्पे छोटे ठेवा, दोन जागांमध्ये नजर पोचेल एवढंच अंतर, कारण त्याच्यावर एक बाजू सोपवता येत नाही. नदी ओलांडताना तर विशेष.

शिकारीबद्दल आणखी एक, कारण लोक स्वभावावर नको तेवढं खापर फोडतात. यलोस्टोनमध्ये लांडग्यांच्या एल्कवरच्या बहुतेक शिकारी फसतात, यशस्वी होणाऱ्या कमीच. तिथल्या अभ्यासात दिसलंय की एल्कच्या शिकारीत लांडगे वाढले तसं यश वाढतं पण साधारण ४ लांडग्यांपर्यंतच, त्यानंतर फारसा फरक पडत नाही कारण काहीजण नुसते बरोबर पळतात आणि धोका दुसऱ्यावर सोडतात. म्हणजे खऱ्या कळपातही मागे राहणारे असतातच. शिवाय २-३ वर्षांचा लांडगा शिकारीत सगळ्यात तरबेज असतो, वय वाढलं की जोर कमी होतो. तुम्ही दोघंच असताना तीन एल्क निसटल्या तर तो जोडीदाराचा दोष नाही, दोन लांडग्यांनी एल्क मारणं मुळात कठीण काम आहे. तुम्ही कुठलं जनावर निवडताय ते आधी बघा, लंगडणारं, म्हातारं, कळपापासून तुटलेलं. निवड चुकली की कितीही धीट जोडीदार असून काही होत नाही.

आणि तुमचा स्वतःचा लांडगा विसरू नका. सुरुवातीला तुम्ही ताकद, वेग, दम यांचा तोल ठरवलेला असतो, त्यात जे कमी घेतलंय ते जोडीदारात बघा. तुम्ही पळण्यात चांगले आणि ताकदीत कमी असाल तर धीट जोडीदार सोन्यासारखा, तुम्ही एल्कला दमवाल आणि तो धरेल. तुम्ही ताकदीचे आणि सावकाश असाल तर चळवळ्या हवा, तो आधी पोचून तिला अडवून धरतो.

सागा हा गेमचा भाग खेळत असाल तर हे सगळं पिल्लांनाही लागू होतं, कारण तिथे वर्षं पुढे सरकतात आणि पिल्लं मोठी होऊन कळपात राहतात. फक्त पिल्लांच्या बाबतीत घाई अजिबात नको. भुकेलं पिल्लू सगळ्यात पुढे येतं आणि सगळ्यात जास्त ओरडतं, त्याला लगेच बोल्ड नाव पडतं, आणि पोट भरल्यावर तेच पिल्लू डेनच्या तोंडाशी बसून राहतं. सगळ्यांची पोटं सारखी भरलेली असताना बघा, कोण आधी बाहेर येतं, कोण लांब भटकतं, कोण भावंडांवर उड्या मारतं. आणि मोठं झाल्यावर पुन्हा नव्याने बघा, लहानपणी ठरवलेलं नाव चिकटवून ठेवू नका.

खूप खेळाडू धीट पिल्लाला अल्फा, म्हणजे लढून होणारा म्होरक्या, म्हणतात आणि त्याचे लाड करतात. अल्फाची ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आली, १९४७ च्या आसपासची. डेव्हिड मीच (Mech) या संशोधकाने ती आधी स्वतः लोकांपर्यंत नेली आणि नंतर रानातले लांडगे अनेक वर्षं बघून १९९९ मध्ये सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे कोणी लढून राजा होत नाही. मग म्होरक्या होण्यासाठी फक्त धीटपणा मोजून काय उपयोग?

यलोस्टोनच्या ड्रूइड पीक कळपात ४० एफ आणि ४२ एफ या दोन बहिणी होत्या. ४० एफ अतिशय कडक, बाकी माद्यांना चेपून ठेवणारी. २००० साली तिच्याच कळपातल्या लांडग्यांनी तिच्यावर हल्ला केला आणि ती मेली. मग ४२ एफ पुढे आली, शांत स्वभावाची, आणि तिच्या काळात कळप खूप मोठा झाला. तिचा जोडीदार २१ एम, प्रचंड ताकदीचा नर, त्याला वर्षानुवर्षं बघणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की तो कधी भांडण हरला नाही आणि हरलेल्याला कधी मारलं नाही, आणि पिल्लांशी खेळताना मुद्दाम हरायचा. गेमच्या तीन जोड्यांत बसवायचा तर धीट, सोशल, चळवळ्या. पण त्याचं थांबणं, हरलेल्याला सोडून देणं, हे कुठल्या शब्दात बसवणार? म्हणून म्हणतो शब्द वाचा पण डोळे उघडे ठेवा.

आपल्याकडचे बरेच खेळाडू सोलापूर, बारामती, सासवड या माळरानाच्या पट्ट्यातले आहेत, त्यांनी लांडगा प्रत्यक्ष बघितलेला असतो, धनगरांकडून त्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. बघायची सवय असणं हा मोठा फायदा आहे. फक्त माळावरचा लांडगा आणि यलोस्टोनचा लांडगा यांना एकाच मापाने मोजू नका. आपला लांडगा अंगाने लहान, छोट्या कळपात राहणारा, मेंढ्या आणि काळवीट यांच्यावर जगणारा, माणसाच्या इतक्या जवळ की लपून राहणं, थांबून अंदाज घेणं यावरच त्याचं आयुष्य चालतं. त्या डोळ्याने गेममधल्या सावध लांडग्याला बघितलं तर तो एकदम शहाणा वाटेल, आणि ते खरंच आहे, पण यलोस्टोनमध्ये समोर २००-३०० किलोचं एल्क असतं, तिथे कधीतरी कोणाला तरी पुढे व्हावंच लागतं. तो पुढे होणारा तुम्ही आहात की जोडीदार, हे दोघांमध्ये ठरलेलं असू दे.

शेवटचं, जोडीदाराचा स्वभाव तुमच्या खेळाला अजिबात जुळत नाही असं वाटलं तर लगेच नवीन गेम सुरू करू नका. आधी हे करून बघा, एक पूर्ण दिवस शिकार करायचीच नाही, पोट भरलेलं ठेवा, आणि त्याच्या मागे मागे चाला, तो जाईल तिकडे. तो कुठे थांबतो, कशाचा वास घेतो, कुठल्या टेकडीवर बसून खाली बघतो, ते बघा. डेन घ्यायचा असेल तर त्याच टेकडीच्या आसपास आधी शोधा.